हिऱ्याची चाल

आमचे गाव करवीर तालुक्यात पंचगंगेच्या काठावर आहे आणि काठावरच्या बहुतेक गावांप्रमाणे आमचाही संसार ऊस आणि म्हशी यांवर चालतो. घरातली शेवटची बैलजोडी वडिलांनी विकली त्याला बारा-तेरा वर्षे झाली. पुढे नांगरट ट्रॅक्टरने होऊ लागली आणि दावणीला फक्त म्हशी राहिल्या. त्यामुळे 2024 च्या पौषात मी सांगली जिल्ह्यातल्या खरसुंडीच्या बाजारातून हिऱ्या हा खिल्लार खोंड आणला, आणि तोही शेतीसाठी नव्हे तर प्रदर्शनात उतरवण्यासाठी, तेव्हा दूध न देणाऱ्या जनावरावर एवढा खर्च कशासाठी, असे अनेकांनी विचारले. त्यांच्यापैकीच काही जण आता खोंड कसा निवडावा, त्याला काय चारावे, हे विचारायला गोठ्यावर येतात. त्यांना तुकड्यातुकड्यांनी जे सांगत आलो, ते येथे सलग लिहून ठेवतो आहे.

खिल्लार ही मुळात चालणाऱ्या बैलांची जात आहे, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे. सातारा, सांगली, सोलापूर आणि कोल्हापूर हे आपल्याकडचे जिल्हे आणि पलीकडे विजापूर, बेळगाव, धारवाड हा तिचा मुलूख. खिल्लार म्हणजे कळप; कळप घेऊन फिरणारे ते थिल्लारी. म्हैसूरकडच्या हळ्ळीकर जनावरांशी तिचे नाते सांगतात. आटपाडी महाल, म्हसवड, तापी-थिल्लारी आणि नकली असे तिचे प्रकार मानले जातात, आणि पूर्वी औंध संस्थानात असलेल्या आटपाडीच्या मुलखातले जनावर आमच्याकडचे जाणते लोक आजही आधी पाहतात. माणदेशाच्या दगडाळ, कोरड्या वाटांवर कमी चाऱ्यावर लांबचा पल्ला मारण्यासाठी ही जात घडली, म्हणून तिचे सौंदर्यही त्या कामातूनच आलेले आहे. तिचे लांब पाय, कणखर काळे खूर, आखूड केसांची पातळ कातडी आणि मागे जाऊन कमानीसारखी वर वळलेली शिंगे पाहिली की हे पटते. प्रदर्शनात उभ्या केलेल्या खिल्लाराला म्हशीसारखे गुबगुबीत करून आणणाऱ्यांबद्दल माझी जी तक्रार आहे, तिचे मूळ येथे आहे.

बाजारात आज खिल्लार खोंडाचे तीन प्रकारचे गिऱ्हाईक असते. शेतीसाठी घेणारे कमी झाले आहेत. बैलगाडा शर्यतीसाठी घेणारे सर्वांत जास्त आहेत आणि भाव तेच ठरवतात. सर्वोच्च न्यायालयाच्या मे 2014 मधील निकालानंतर शर्यती बंद होत्या, डिसेंबर 2021 मध्ये त्यांना सशर्त परवानगी मिळाली आणि मे 2023 मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला. तेव्हापासून हलक्या हाडाच्या, लांब फेक (पाऊल) असलेल्या आदत, म्हणजे अजून दुधाचेच दात असलेल्या, खोंडांच्या किमती आमच्यासारख्यांच्या हाताबाहेर गेल्या. तिसरे गिऱ्हाईक आम्ही, प्रदर्शनवाले. आम्हाला हाड थोडे भरीव हवे, वशिंड घट्ट आणि मधोमध हवे, गळ्याखालची पोळी फार लोंबणारी नको, बेंबी आवळ हवी आणि दोन्ही शिंगांचा डौल एकसारखा हवा. शर्यतवाल्याने वेग कमी म्हणून सोडलेला खोंड पुष्कळदा आपल्या कामाचा निघतो, हे मला त्या दिवशी कळले.

खरसुंडीला मी चुलत्यांना घेऊन गेलो होतो. तात्यांचे वय अठ्ठ्याहत्तर असून त्यांनी आयुष्यात चाळीसएक बैल विकत घेतले असतील. सिद्धनाथाचे दर्शन घेऊन आम्ही बाजाराच्या मैदानात उतरलो तेव्हा ऊन वर आले होते आणि दावणींच्या दावणी पांढऱ्या जनावरांनी भरलेल्या होत्या. पहिल्या तासाभरातच मला एक खोंड मनापासून आवडला. त्याची कातडी आरशासारखी चमकत होती, शिंगांना तेल लावलेले होते आणि पोट असे भरलेले होते की बरगडी दिसत नव्हती. मी तात्यांना म्हणालो, "तात्या, हा बघा की, केवढा भरलाय." तात्यांनी त्याच्या तोंडाजवळ हात नेला, ओठांना चिकटलेले मीठ बोटावर घेतले आणि मला दाखवले. रात्री मीठ चारायचे आणि सकाळी तहानलेल्या जनावराला पोटभर पाणी पाजायचे, म्हणजे ते दिवसभर भरलेले दिसते. तात्या एवढेच म्हणाले, "उभ्या जनावराला भुलू नगंस. चालीव आणि माग बघ."

माग म्हणजे खुरांचे ठसे. बाजाराच्या कडेला माती बारीक आणि मऊ असते. खोंडाला त्या मातीवरून सरळ, सैल कासऱ्याने चालवत न्यायचे आणि मग खाली वाकून ठसे पाहायचे. चांगल्या खिल्लाराचा मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशावर पडतो किंवा त्याच्याही पुढे पडतो. मागे पडत असेल तर पाठ, खुबा किंवा गुडघा यांपैकी कोठेतरी अडचण आहे, किंवा जनावर अंगाने जड झाले आहे. ठसा एका बाजूने खोल असेल तर जनावर पाय वाकडा टाकते आणि पुढे त्याचा खूरही तसाच झिजतो. त्या दिवशी आम्ही अकरा खोंड चालवून पाहिले. हिऱ्या नववा होता. त्याच्या अंगावर धूळ होती, तो रोडच होता, म्होरकीला, म्हणजे तोंडावरच्या बांधणीला, साधी सुताची दोरी होती आणि त्याला शर्यतीच्या दोन गिऱ्हाइकांनी नाकारलेले होते. पण मातीत त्याचा मागचा खूर पुढच्या ठशाच्या दोन बोटे पुढे पडला होता, डावीकडेही आणि उजवीकडेही. तात्या गुडघ्यावर हात ठेवून बराच वेळ ते ठसे पाहत राहिले.

मग बाकीची पाहणी झाली. दुधाचे दात सगळे शाबूत होते, म्हणजे खोंड आदत होता आणि मालकाने सांगितलेले दीड वर्षाचे वय पटण्यासारखे होते. खिल्लाराला पहिले दोन कायमचे दात साधारण दोन ते अडीच वर्षांच्या दरम्यान येतात आणि तो दुसा होतो, तिसऱ्या वर्षाच्या आसपास चौसा (चार दाती) होतो, पुढे सहा दाती आणि मग जुळतो, म्हणजे त्याचे सगळे दात पुरे होतात. प्रदर्शनातले गटही दातांवरूनच पाडतात, म्हणून खोंड कोणत्या महिन्यात दात लावील याचा अंदाज घेऊनच खरेदी करावी. गटात नुकताच आलेला खोंड त्याच गटातल्या सहा महिन्यांनी मोठ्या खोंडापुढे लहान दिसतो. बरगडीवरची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती लगेच जागेवर गेली पाहिजे. गुडघ्यावर जुना व्रण नसावा. अंगावरच्या केसांच्या भोवऱ्यांचा शुभ-अशुभ हिशेब तात्यांनी केला आणि मी त्यात पडलो नाही, कारण घरच्या वडीलधाऱ्यांचे मन राखणे हाही खरेदीचा भाग असतो. एकच उणीव मला दिसली, ती म्हणजे उजव्या शिंगाचा कल डाव्यापेक्षा किंचित बाहेर होता.

सौदा रुमालाखाली झाला. दलाल दोघांच्या हातांवर रुमाल टाकतो आणि बोटांनी आकडा कळवला जातो, म्हणजे शेजारच्या दावणीला भाव कळत नाही. 85,000 रुपयांवर तो तुटला आणि मी विसार (आगाऊ रक्कम) दिला. ज्यांना पहिल्यांदाच जनावर आणायचे आहे त्यांनी येथे घाई करू नये. बाजार समितीची पावती, कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक त्या पावतीवर, लसीकरणाची नोंद आणि वाहतुकीसाठी पशुवैद्यकाचा दाखला हे सगळे हातात आल्याशिवाय टेम्पोत जनावर चढवू नये. 2022 मध्ये लम्पीने जे दिवस दाखवले त्यानंतर तर याबाबत कोणाचीही भीड धरू नये. घरी आणल्यावरही हिऱ्याला आम्ही तीन आठवडे म्हशींपासून लांब, आंब्याखाली बांधला होता.

चाऱ्याबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण कोल्हापूर भागात खोंड बिघडतो तो येथेच. आपल्याकडे नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत उसाचे वाडे, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, फुकट किंवा जवळजवळ फुकट मिळते आणि म्हणून दावणीला सकाळ-संध्याकाळ वाडेच पडते. वाड्यात ऑक्झलेट असते, ते चाऱ्यातले कॅल्शियम बांधून ठेवते आणि वाढत्या वयाच्या खोंडाच्या हाडांना नेमके तेच कमी पडते. वाडे पूर्ण बंद करणे उसाच्या गावात शक्य नाही, हे मला मान्य आहे. पण एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा ते जास्त नसावे, कुट्टीवर चुन्याची निवळी शिंपडावी आणि खनिज मिश्रण रोजच्या रोज द्यावे. वाडे कमी देण्याला बैलाच्या बाबतीत आणखी एक कारण आहे. लवकर खच्ची केलेल्या बैलाचा मूत्रमार्ग अरुंद राहतो आणि त्यात खडा अडकला तर जनावर दोन-तीन दिवसांत हाताबाहेर जाते.

हिऱ्याचे वजन मी दर पंधरा दिवसांनी फितीने काढत होतो. पुढच्या पायांमागून छातीचा घेर इंचांत घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतच्या लांबीने गुणायचे आणि 660 ने भागायचे, म्हणजे वजन किलोत येते. घेर 62 इंच आणि लांबी 54 इंच भरली तेव्हा त्याचे वजन सुमारे 314 किलो होते. त्या वजनाला शंभर किलोमागे अडीच किलो या हिशेबाने आठ किलोच्या आसपास शुष्क चारा लागतो. मी त्याला शाळूचा कडबा साडेतीन किलो, हिरवा मका किंवा हत्ती घास पंधरा किलो आणि मक्याचा भरडा, सरकी पेंड व हरभऱ्याची चुनी मिळून दोन किलो देत असे. शिवाय 40 ग्रॅम खनिज मिश्रण आणि 30 ग्रॅम मीठ. अंडी, तूप, बदाम यांतले काहीही दिले नाही. नदीकाठचे पाणथळ गवत त्याच्या तोंडाला लागू दिले नाही, कारण तेथल्या गोगलगायींमधून यकृतात चपटे कृमी जातात आणि चांगले खाणारे जनावर कारण न कळता वाळत जाते.

त्या जुलैत पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटांची धोका पातळी ओलांडली, तेव्हा म्हशींसह हिऱ्याला पाहुण्यांच्या गावी चढावर हलवावे लागले. बारा दिवस तो परक्या गोठ्यात, चिखलात उभा होता. परत आला तेव्हा मागच्या डाव्या खुराच्या बेचक्यात जखम होती. ती धुऊन, कोरडी ठेवून, मोरचुदाच्या पाण्याने बरी झाली. त्यानंतर मी त्याच्या उभे राहण्याच्या जागी मुरूम भरून उतार काढला. पावसाळ्यात काळ्या मातीच्या गोठ्यात प्रदर्शनाचे जनावर ठेवायचे असेल तर हा खर्च टाळता येत नाही.

खरी चूक मी डिसेंबरात केली. हिऱ्याने दोन दात लावले होते, जानेवारीत एका गावच्या यात्रेत प्रदर्शन होते आणि इतरांचे खोंड भरलेले पाहून माझा धीर सुटला. दोन किलोंचा खुराक मी आठवड्याभरात पाच किलोंवर नेला, त्यात कणकेचे गोळेही चारले. आठव्या दिवशी सकाळी तो रवंथ करत नव्हता. शेणाला आंबूस वास होता, ते पातळ होते, आणि तो चारही पाय पोटाखाली घेऊन असा उभा होता की जणू जमीन त्याला टोचत होती. डॉक्टरांनी खुराक पूर्ण बंद केला, खाण्याचा सोडा पाण्यातून पाजला, शिरेतून सलाईन दिले आणि पुढचे दहा दिवस फक्त कडबा सांगितला. धान्य अंगावर आले की पोट आंबते आणि त्याचा मार पायांच्या नखांपर्यंत जातो, हे त्यांनी समजावून सांगितले. बरा झाल्यावर मी त्याला गोठ्यामागच्या मऊ मातीतून चालवले आणि खाली वाकलो. मागचा खूर पुढच्या ठशाच्या चार बोटे मागे पडला होता. त्या मुक्या जनावराने माझ्या उतावीळपणाची किंमत भोगली, याचे वाईट मला अजूनही वाटते. जानेवारीचे प्रदर्शन अर्थातच सोडले.

त्यानंतरचे दोन महिने मी चाऱ्यापेक्षा चालण्याकडे लक्ष दिले. पहाटे साडेपाचला म्होरकी घालून निघायचे, आधी नदीकाठच्या मऊ वाटेने, नंतर माळाच्या कडक वाटेने, सुरुवातीला एक किलोमीटर आणि शेवटी चार. खोंडाला मागून हाकायचे नाही आणि पुढून ओढायचे नाही. आपला खांदा त्याच्या मानेच्या बरोबरीने ठेवायचा आणि कासरा सैल सोडायचा. प्रदर्शनात ताणलेला कासरा लगेच दिसतो, कारण खोंडाची मान वर जाते, पाठ खाली पडते आणि पाऊल आखूड होते. वेसण मी दुसऱ्या वर्षी घातली, तोपर्यंत त्याला नुसत्या म्होरकीवर थांबायची सवय लागली होती, म्हणून वेसणीला हिसका द्यायची वेळ क्वचितच आली. रोज संध्याकाळी अर्धा तास त्याला कोरड्या काथ्याने घासायचो. घासताना हात कानाच्या मागे, काखेत, शेपटीच्या मुळाशी, मांड्यांच्या आत फिरतो. गोचीड तेथेच सापडतात आणि परक्या माणसाच्या हाताने बिचकू नये ही सवयही तेथेच लागते. माझी मुलगी त्याच्याजवळ बसून शाळेचे धडे मोठ्याने वाचत असे, जेणेकरून त्याला माणसांच्या आवाजाची सवय व्हावी. ध्वनिक्षेपकाचा आवाज मोबाईलवरून ऐकवला. ट्रॅक्टर, हलगी, मुलांचा कालवा यांतून त्याला मुद्दाम नेले.

फाल्गुनातल्या एका यात्रेत तो पहिल्यांदा रिंगणात उतरला. दुसा गटात सतरा खोंड होते. अंगाने हिऱ्यापेक्षा भरलेले निदान आठ-नऊ असतील. परीक्षकांनी आधी दात पाहिले, मग शिंगे, वशिंड, पाठीची रेषा, खूर, शेपटीचा गोंडा. आणि नंतर सगळ्यांना एक-एक करून चालवायला सांगितले. दोन खोंड गर्दी पाहून बसले, एकाने मालकाला फरफटत नेले. हिऱ्या सैल कासऱ्याने गेला, वळला आणि आला. परीक्षकांपैकी एक वयस्कर पशुवैद्यक होते. त्यांनी रिंगणातल्या मातीकडे पाहिले आणि त्याला पुन्हा एकदा चालवायला सांगितले, तेव्हा माझ्या छातीत धडधड सुरू झाली होती. हिऱ्याचा दुसरा क्रमांक आला. पहिला आलेला खोंड खरोखर सर्वांगाने सरस होता आणि त्याची शिंगे एका साच्यातून काढल्यासारखी होती. निकालानंतर त्या डॉक्टरांनी मला उजव्या शिंगाचा कल दाखवला आणि म्हणाले, "वळू म्हणून याची शिफारस मी करणार नाही, पण बैल फार चांगला होईल."

त्यांचे म्हणणे मला पटले. वळू ठेवायचा तर त्याच्यातला दोष पुढच्या पिढीत जातो, आणि देखण्या खोंडाला केवळ मालकाच्या हौसेपायी वळू ठेवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र खच्ची करण्याची घाईही केली नाही. एक-सव्वा वर्षाच्या आत खच्ची केला तर मान बारीक राहते, वशिंड भरत नाही आणि पाय उगाच लांब वाढतात. चौसा होईपर्यंत थांबलो आणि 2025 च्या दिवाळीनंतर, माश्या कमी झाल्यावर, डॉक्टरांनी बधिर करण्याचे इंजेक्शन देऊन चिमट्याने ते काम केले. पूर्वी बैल बडवत असत ते मी लहानपणी पाहिले आहे. ते दृश्य आणि तो आवाज पुन्हा कोणाच्या गोठ्यात नसावा. हिऱ्या चार-पाच दिवस सुस्त होता, सूज पंधरा दिवसांत उतरली, आणि तिसऱ्या आठवड्यात आम्ही पुन्हा पहाटे निघालो.

आता त्याला जोडीदार हवा आहे. बैलजोडीचा गट वेगळा असतो आणि त्यात उंची, रंग, शिंगांचे वळण आणि पावलांची लय ही दोन्ही बैलांची जुळावी लागते. आषाढातल्या बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, त्याची खांदमळणी झाली तेव्हा आईने हळद-तूप त्याच्या एकट्याच्या खांद्यावर चोळले होते आणि दावणीच्या रिकाम्या खुंट्याकडे पाहून ती काही बोलली नव्हती. तात्यांनी परवा जांभळीची एक सरळ काठी तासली, हिऱ्याला सपाट जागी उभा करून वशिंडाच्या पुढे जेथे जू बसते तेथपर्यंतची उंची त्या काठीवर कोयत्याने खाच पाडून घेतली आणि काठी माझ्या हातात दिली. पौषात खरसुंडीला जाताना ती बरोबर न्यायची आहे.